शनिवार, गिरणी आणि मत्तय एकवीस

पहाटे ५

नळाला पाणी यायचा दिवस आहे. मी मोटर लावते तेव्हा आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलंगावर उठून बसलेल्या असतात. त्यांची प्रार्थना मोठ्यानं चालते. नातवंडं, पाळकसाहेब, समोरच्या शेखभाभींचा गुडघा, रस्त्यावरचे ट्रकवाले, सगळे त्यात येतात. मग एखादं भजन. आई दुसरीपर्यंतच शिकल्या, उपासनासंगीत, म्हणजे चर्चचं गीतांचं पुस्तक, त्यांनी हातात क्वचितच धरलं असेल, पण ना. वा. टिळकांची भजनं त्यांना जात्यावरच्या ओव्यांसारखी येतात. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि साहेबी चालींवरची गाणी गाणाऱ्या मंडळीला अभंगाची वाट दाखवली. आमच्या नगरची (कागदोपत्री आता अहिल्यानगरची) निम्मी ख्रिस्ती घरं अजून त्याच वाटेनं सकाळ करतात.

घरातलं धर्मशिक्षण म्हणाल तर आमच्याकडे हे एवढंच. कोणी कोणाला समोर बसवून शिकवत नाही.

सकाळी ६:१५

शनिवार, म्हणून सकाळची शाळा. डबा नको, पण घाई तीच. न्हाणीघराच्या दारात थोरला आणि धाकटी भांडताहेत. तो आत घुसतो. ती शांतपणे दप्तरातून एक वही काढते आणि पेन्सिलीनं रेघ मारते.

ही वही गेल्या रविवारपासूनची आहे. शब्बाथशाळेत पेत्राचा प्रश्न झाला होता: भावानं अपराध केला तर किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? प्रभूनं उत्तरात सांगितलेला आकडा धाकटीनं तिथल्या तिथे गुणला. चारशे नव्वद. घरी येऊन तिनं वहीवर भावाचं नाव घातलं. पाच-पाच रेघांचे गठ्ठे आहेत, आडवी काट मारलेले, मी फळ्यावर शिकवते तसे. चारशे नव्वद भरले की काय करणार, असं विचारलं तर म्हणाली, "मग बघ."

तिला समजवायला मी तोंड उघडणार होते. पण पेत्रानं तरी दुसरं काय केलं होतं? दाढीमिशा असलेला, संसार असलेला, प्रभूबरोबर पायपीट करणारा माणूस. त्यालाही आकडाच हवा होता.

७:३० ते ११:३०

शाळा. चौथीचं गणित, हजेरी, परीक्षेची वेळापत्रकं. दिवसातला हा सगळ्यात लांब तुकडा, आणि इथे सांगण्यासारखं सगळ्यात कमी. शिकवण्याचा पगार मिळतो तिथे स्वतः शिकायला फारसं होत नसावं.

दुपारी १२

घरी पीठ संपलंय. मी थोरल्याला म्हणते, "गिरणीत जाऊन दळण आण." तो म्हणतो, "नाही जाणार, मॅच आहे." धाकटी लगेच, "मम्मी, मी जाते!" आणि पायात चपला घालून जी जाते ती थेट शेखभाभींच्या अंगणात, लंगडी खेळायला. अर्ध्या तासानं थोरला घामाघूम होऊन डबा ओट्यावर आदळतो. केसांवर पीठ. काही बोलत नाही.

आमच्या घरात याला "मत्तय एकवीस" म्हणतात. एकविसाव्या अध्यायात दोन मुलांचा दाखला आहे. बाप द्राक्षमळ्यात कामाला जा म्हणतो. एक नाही म्हणतो आणि मग जातो, दुसरा हो म्हणतो आणि जात नाही. हा दाखला आमच्याकडे जवळजवळ शिवीसारखा वापरतात. "मत्तय एकवीस करू नकोस" म्हणजे तोंडदेखलं हो म्हणू नकोस.

मलाही बरीच वर्षं हा मुलांना दटावायला सोयीचा दाखला वाटायचा. पण तो सांगितला कुणाला? यरुशलेमच्या मंदिरात, मुख्य याजकांना आणि वडीलधाऱ्यांना. म्हणजे ज्यांचा हो सगळ्यात मोठ्या आवाजात असतो त्यांना. आजच्या हिशेबानं कमिटीतली माणसं, पहिल्या बाकावर बसणारी माणसं, शब्बाथशाळेच्या बाई. मुलं त्या गर्दीत असतीलही, पण मंदिराच्या आवारात आरडाओरडा करून आदल्या दिवशी त्यांनी आपला हो आधीच सांगून टाकला होता. तेही याच अध्यायात आहे. दाखला मोठ्यांसाठी होता, तो आपण घरी आणून लहानांकडे वळवला. हे काम आपल्याला फार सफाईनं जमतं.

दुपारी २

सगळे आडवे झाले की मी झाडून घेते. पलंगाखालून धाकटीची कानातली रिंग निघाली, आठवडाभर हरवलेली. खोटीच, पण तिचा जीव तिच्यावर.

लूकच्या पंधराव्यात एक बाई अशीच दिवा लावून घर झाडते. दहा नाण्यांतलं एक हरवलंय, आणि एक नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. तिथल्या गरिबांच्या घरांत उजेड कमीच, म्हणून भरदिवसा दिवा. नाणं सापडल्यावर ती शेजारणींना बोलावते. आमच्या आईंचं म्हणणं, चहा-साखरेत त्या नाण्याहून जास्त गेलं असणार. आईंना ही बाई मनापासून पटते. मला वाटतं, देवाला हातात झाडू घेतलेल्या बाईच्या जागी ठेवायला धाडस लागतं, आणि हा दाखला ज्या परूशी-शास्त्र्यांच्या कुरकुरीवर सांगितला त्यांना तो नाण्यापेक्षा झाडूमुळेच जास्त झोंबला असेल.

४ वाजता

भगिनी मंडळ, या वेळी आमच्याच घरी. पोहे, चहा, आणि विषय मार्था नि मरीया: प्रभू घरी आल्यावर स्वयंपाकात राबून तक्रार करणारी एक बहीण, आणि त्याच्या पायाशी बसून ऐकणारी दुसरी. हा विषय निघाला की आमच्या मंडळात दोन तट पडतात. प्रवचनात मरीयेचीच बाजू घेतली जाते, कारण प्रवचन करणाऱ्याला जेवण आयतं मिळालेलं असतं. असं म्हणणाऱ्या मावशींनी तीस वर्षं वसतिगृहात स्वयंपाक केलाय, त्यामुळे कुणी उलटून बोललं नाही.

मीही मार्थेच्या बाजूची. योहानाच्या अकराव्यात भाऊ मेल्यावर येशूला गावाबाहेर सामोरी जाते ती मार्थाच, आणि तू ख्रिस्त आहेस ही कबुली, जी पेत्राच्या तोंडी आली म्हणून त्याचा एवढा गौरव, ती तिच्याही तोंडी आहे. स्वयंपाकघरातल्या बाईला तेवढं दर्शन झालं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा. पती ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं की त्यांच्यातला खरा बदल त्याआधीच, कुणाच्या हातचं पाणी प्यायचं, कुणाच्या पंक्तीला जेवायचं, या रोजच्या गोष्टींत होऊन गेला होता. चर्चमध्ये मग त्याची नोंद झाली.

एक नवीन सूनबाई हळूच म्हणाल्या, "पण प्रभूनं मार्थेला स्वयंपाक बंद कर नाही म्हटलं. बहिणीकडे बोट दाखवणं बंद कर म्हटलं." पोहे खाता खाता सगळ्या गप्प झाल्या. हे आम्हाला इतकी वर्षं का सुचलं नाही कुणास ठाऊक.

६ वाजता

हे आज ओव्हरटाइम करून एमआयडीसीतून आले. चहा पिताना गावाकडून चुलतभावाचा फोन. ज्वारी काढणीला आली आहे, आणि विहिरीच्या पाळीवरून पुन्हा कुरबुर झाली आहे. विहीर दोघा भावांच्या सामाईकीची. धाकटे दीर वाडीवर राहतात, आम्ही शहरात. पाळी कुणाची, मोटर कुणाच्या नावावर, बिल कुणी भरलं, हे सगळं ह्यांना सालवार सांगता येतं. दीर गेल्या नाताळाला आले नाहीत. आम्हीही गेलो नाही. फोन ठेवून हे म्हणाले, "त्याला कितीदा सांभाळून घ्यायचं?"

धाकटी तिथेच टीव्हीसमोर होती. ऐकत नसावी असं वाटलं.

७:३०

उद्याच्या शब्बाथशाळेची तयारी. धडा: खमीर. बाई ते पिठात घालते आणि सगळं पीठ फुगतं. आमच्या भाकरी खाणाऱ्या मुलांना खमीर म्हणजे पावाच्या बेकरीतली वस्तू. म्हणून विरजणाचं उदाहरण द्यायचं ठरवलं, चमचाभर ताक आणि पातेलंभर दूध. तरी अर्धी गंमत सुटतेच. दाखल्यातलं पीठ तीन मापं आहे. अभ्यासकांचा हिशेब असा की त्यात शंभरेक माणसं जेवतील. एका घरच्या रोजच्या भाकरींची ही गोष्टच नव्हे. शिवाय ज्यू घरांत वल्हांडणाच्या वेळी खमीर झाडून बाहेर काढायचे, आणि प्रभूनंच दुसरीकडे परूश्यांच्या खमिरापासून जपा म्हणून बजावलंय. अशी संशयाची वस्तू घेऊन त्यानं देवाचं राज्य समजावलं. हे दहा वर्षांच्या मुलांना कसं सांगायचं? बहुतेक सांगणार नाही. विरजण दाखवीन आणि घरी पाठवीन. धडा गिळवायला गेलं की मुलं तोंड मिटतात, आणि मोठी माणसं जांभई देतात.

रात्री ९

कुटुंबाची प्रार्थना. एक गीत, मग शास्त्रभाग, मग प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून. वाचायची पाळी आज ह्यांची. मत्तयाचा सहावा अध्याय क्रमानंच आला, कुणी मुद्दाम काढला नव्हता. त्यात प्रभूची प्रार्थना आहे, रोजच्या भाकरीच्या पाठोपाठ क्षमेचं मागणं. आणि प्रार्थना संपल्यावर प्रभू तिच्यातल्या एकाच मागण्याकडे पुन्हा वळतो, क्षमेच्या. भाकरीबद्दल लगेच काही बोलत नाही. हे ती दोन वचनं जरा भरभर वाचून गेले.

आमेन म्हणायच्या आत धाकटी म्हणाली, "पप्पा, काकांचे किती झाले?"

"काय किती झाले?"

"चुका. तुमची वही कुठंय?"

थोरला फिस्सकन हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारले, खरं तर मलाही हसू आवरत नव्हतं. आई म्हणाल्या, "त्याला वही कशाला लागतीय? त्याला तोंडपाठ आहे."

ह्यांनी पवित्र शास्त्र मिटलं. नेहमीपेक्षा बरीच छोटी प्रार्थना केली. मुलं झोपायला गेल्यावर आईंना विचारलं, "धाकट्याचा नवा नंबर काय?" आईंनी पदराच्या गाठीतून कागद काढला. हे मला म्हणाले, "विहिरीचं काही बोलणार नाही. ज्वारी काढायला माणसं मिळाली का, एवढंच विचारतो."

फोन लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही.

आईंचं म्हणणं, वाडीला रात्री रेंज नसते हे त्याला चांगलं माहीत होतं, म्हणून तर आत्ता लावला.