वाणिज्य व व्यवस्थापन महाविद्यालयांतील उपक्रम आणि सर्वसमावेशक नेतृत्व : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

नेतृत्व हा व्यवस्थापनशास्त्रातील एक महत्त्वाचा घटक मानला जातो. नियोजन, संघटन, निर्देशन व नियंत्रण ही व्यवस्थापनाची कार्ये प्रत्यक्षात आणणारी शक्ती म्हणजे नेतृत्व होय. उद्योगांचे स्वरूप बदलले तसे नेतृत्वाच्या कल्पनेतही बदल होत गेले. हुकूम देणारा नेता ही कल्पना मागे पडली आणि भिन्न पार्श्वभूमीच्या व्यक्तींना निर्णयात सामावून घेणारा नेता ही कल्पना पुढे आली. यालाच सर्वसमावेशक नेतृत्व असे म्हणतात. असे नेतृत्व केवळ पाठ्यपुस्तकातील प्रकरण वाचून निर्माण होत नाही. त्यासाठी सराव लागतो व तो सराव देण्याचे काम महाविद्यालयातील उपक्रम करू शकतात. परभणी जिल्ह्यातील परिस्थिती लक्षात घेऊन या विषयाचे विवेचन करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

1. विविधता व सर्वसमावेशक नेतृत्व या संकल्पना स्पष्ट करणे.
2. महाविद्यालयीन उपक्रमांतून असे नेतृत्व कसे घडते, याची कारणमीमांसा करणे.
3. महाराष्ट्रातील पूर्वानुभवांचा आढावा घेणे.
4. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांसाठी व्यवहार्य उपाय सुचविणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने लिहिला असून तो दुय्यम माहितीवर आधारित आहे.

संकल्पना :

विविधता म्हणजे एखाद्या गटात लिंग, जात, धर्म, भाषा, आर्थिक स्थिती, शारीरिक क्षमता इत्यादी बाबतीत भिन्न व्यक्ती असणे. समावेशन म्हणजे त्या सर्व व्यक्तींना बोलण्याची, जबाबदारी घेण्याची व निर्णयावर प्रभाव टाकण्याची समान संधी असणे. पहिली बाब हजेरीपत्रकावरून मोजता येते. दुसरी मोजण्यासाठी कोण कोणते काम करतो, हे पाहावे लागते. वर्गात निम्म्या विद्यार्थिनी असूनही वाणिज्य मंडळाची रोखवही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्याच हाती राहत असेल, तर त्या वर्गात विविधता आहे, समावेशन नाही, असेच म्हणावे लागेल.

परभणी जिल्ह्याची पार्श्वभूमी :

1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, पूर्णा, जिंतूर व पालम असे नऊ तालुके राहिले. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 18 लाख 36 हजार होती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे मराठीबरोबर उर्दू व दख्खनी बोलीही येथे रुजल्या. तांड्यावरून येणाऱ्या विद्यार्थ्यांची घरची भाषा बंजारा असते. हिंदू, मुस्लिम व बौद्ध कुटुंबांतील मुले एकाच वर्गात शिकतात. कापूस व सोयाबीनच्या शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांबरोबरच दरवर्षी ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबेही या जिल्ह्यात आहेत. याचा अर्थ असा की, येथील महाविद्यालयांना विविधता बाहेरून आणावी लागत नाही.

मात्र एकत्र बसण्याने परस्परविश्वास आपोआप निर्माण होतो, असे मानणे धाडसाचे ठरेल. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणी शहरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर शहरात हिंसाचार झाला आणि पुढे कोठडीत असलेल्या एका विधी शाखेच्या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. या घटनांनी सामाजिक सलोखा किती नाजूक असतो, याची जाणीव करून दिली. अशा शहरातील महाविद्यालयाने समावेशनाकडे केवळ मूल्यांकनाच्या फाईलमधील एक मुद्दा म्हणून पाहणे परवडणारे नाही.

कायद्याने उघडलेली दारे :

गेल्या काही दशकांत कायद्याने नेतृत्वाच्या अनेक जागा वंचित घटकांसाठी खुल्या केल्या. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज संस्थांत महिलांना किमान एक तृतीयांश आरक्षण मिळाले. महाराष्ट्राने 2011 मध्ये ते 50 टक्के केले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 73 ब व 73 क नुसार सहकारी संस्थांच्या समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. तसेच अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि विमुक्त जाती-भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी प्रत्येकी एक जागा राखीव आहे. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 149 ने ठराविक वर्गातील कंपन्यांच्या संचालक मंडळावर किमान एक महिला संचालक असणे बंधनकारक केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 ने 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखून ठेवल्या. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने 8 लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले.

या सर्व तरतुदी महत्त्वाच्या आहेत. तथापि कायदा खुर्ची देऊ शकतो, त्या खुर्चीवर बसून निर्णय घेण्याचा आत्मविश्वास देऊ शकत नाही. सरपंचपद पत्नीकडे आणि कारभार पतीकडे, हे चित्र ग्रामीण महाराष्ट्राला अपरिचित नाही. संस्थेच्या सभेत ताळेबंद वाचता आला नाही, शंका विचारण्याचे धैर्य झाले नाही, तर राखीव जागा केवळ सहीपुरती उरते. आज वाणिज्य शाखेत शिकणारी विद्यार्थिनी उद्या पतसंस्थेची संचालिका होऊ शकते. महाविद्यालयीन जीवनात तिने एकदाही सभा चालविली नसेल, तर पदावर गेल्यावर ती कोणाच्या तरी तोंडाकडे पाहील. येथेच उपक्रमांचे खरे महत्त्व आहे.

उपक्रमांतून समावेशन घडण्याची प्रक्रिया :

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये भिन्न गटांतील पूर्वग्रह कमी होण्यासाठी चार अटी मांडल्या. त्या म्हणजे समान दर्जा, समान ध्येय, परस्पर सहकार्य आणि अधिकारी संस्थेचा पाठिंबा. व्याख्यानाच्या तासाला विद्यार्थी शेजारी बसतात, पण समान ध्येयासाठी एकमेकांवर अवलंबून नसतात. उपक्रमात मात्र चारही अटी पूर्ण करता येतात.

इलियट ॲरन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथे अशीच एक पद्धती विकसित केली. वंशभेदामुळे वेगळे राहिलेले विद्यार्थी तेथे नुकतेच एका वर्गात आले होते आणि त्यांच्यात तणाव होता. ॲरन्सन यांनी छोटे मिश्र गट केले व पाठाचा एकेक भाग एकेका विद्यार्थ्याला दिला. प्रत्येकाने आपला भाग इतरांना शिकविल्याशिवाय पाठ पूर्ण होत नसे. त्यामुळे ज्याचे बोलणे पूर्वी कोणी ऐकत नव्हते, त्याचे ऐकणे इतरांना आवश्यक झाले.

नेत्याच्या वर्तनाबाबत इन्ग्रिड नेम्भार्ड व एमी एडमंडसन यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. त्यांनी 23 नवजात अतिदक्षता विभागांचा अभ्यास केला. प्रमुखाने कनिष्ठ सहकाऱ्यांचे मत विचारले व त्याची कदर केली, तेथे त्या सहकाऱ्यांना बोलणे अधिक सुरक्षित वाटत होते, असे त्यात दिसून आले. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा बोध असा की, कनिष्ठाचे मौन हे बहुधा त्याचे अज्ञान नसते. त्याला कोणी विचारलेलेच नसते.

महाराष्ट्रातील पूर्वानुभव :

हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एकत्र जेवत. 'कमवा आणि शिका' या योजनेचे मूळही याच विचारात आहे. श्रमाची वाटणी जातीनुसार न करता पाळीनुसार करणे, हा त्या वसतिगृहाचा मोठा धडा होय.

मराठवाड्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झाले. उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प असलेल्या या प्रदेशात दलित व ग्रामीण विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना तेथून लेखन, अध्यापन, प्रशासन व सामाजिक चळवळीत येता आले.

व्यवसाय शिक्षणाच्या दृष्टीने सातारा जिल्ह्यातील म्हसवडचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. चेतना सिन्हा व परिसरातील महिलांनी माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन करण्यासाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला. प्रवर्तक महिलांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नसल्याने तो प्रथम नामंजूर झाला. त्या महिला साक्षरतेच्या वर्गात बसल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखविण्याची तयारी त्यांनी दर्शविली. 1997 मध्ये बँक सुरू झाली व 2006 मध्ये ग्रामीण महिलांसाठी बिझनेस स्कूल सुरू झाले. शिक्षण अपुरे असणे आणि व्यवहारज्ञान नसणे या दोन भिन्न बाबी आहेत, हे या अनुभवाने सिद्ध केले. शिक्षण महिलांच्या दारापर्यंत नेण्यासाठी बसमधून चालणारे वर्गही तेथे सुरू झाले. उपक्रमाची जागा व वेळ सहभागी होणाऱ्यांच्या सोयीने ठरली, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

परभणी जिल्ह्यासाठी उपाययोजना :

1. कामांची पाळी : खाद्यपदार्थांचा आनंद मेळावा हा वाणिज्य विभागांचा परिचित उपक्रम आहे. त्यात खरेदी, किंमत निश्चिती, विक्री, जाहिरात, रोखवही व अहवाल अशी सहा कामे असतात. सहा जणांचा मिश्र गट करून प्रत्येक उपक्रमात कामे बदलावीत. वर्षाला तीन उपक्रम धरले, तर तीन वर्षांत नऊ संधी मिळतात. म्हणजेच प्रत्येक विद्यार्थ्याला सहाही कामे किमान एकदा करता येतील. रांगोळी व पाहुण्यांचे स्वागत विद्यार्थिनींकडे आणि माईक व पैसा विद्यार्थ्यांकडे, ही वाटणी त्यामुळे मोडेल.

2. भांडवल : गाळ्यासाठी प्रत्येकाकडून वर्गणी घेतल्यास गरीब विद्यार्थी आपोआप बाहेर राहतो व कारण मात्र सांगत नाही. वाणिज्य मंडळाने गटास परतफेडीची उचल द्यावी. विक्रीतून उचल फेडून उरलेला नफा वाटून घेतल्यास भांडवल व परतफेडीचा धडाही मिळतो.

3. वेळ : खेड्यावरून येणाऱ्या विद्यार्थिनीचे वेळापत्रक एसटीच्या फेरीवर अवलंबून असते. सायंकाळी ठेवलेली गटचर्चा तिच्यासाठी नसते. उपक्रम मुख्य वेळापत्रकातच बसवावेत. ऊसतोडीचा हंगाम सर्वसाधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणून किमान एक महत्त्वाचा उपक्रम जुलै ते सप्टेंबर या काळात घ्यावा.

4. भाषा : गटातील चर्चा मराठी, दख्खनी वा बंजारा अशा सोयीच्या भाषेत होऊ द्यावी. अंतिम सादरीकरण मराठी किंवा इंग्रजीत असावे. विचार मांडण्याची भीती व भाषेची भीती एकाच वेळी विद्यार्थ्यावर लादू नये.

5. औद्योगिक सहल : जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग कारखान्यास भेट देताना उत्पादन प्रक्रियेबरोबरच मालक कोण, हिशेब कोण ठेवतो, ओझे कोण उचलतो व मजुरी कोणाला किती मिळते, हे प्रश्न अहवालात असावेत. भेटीचे ठिकाण दिव्यांग विद्यार्थ्याला पोहोचण्याजोगे आहे का, हे आधी पाहावे.

6. क्षेत्रीय प्रकल्प : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार राज्यातील संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून नवी रचना लागू झाली. तिच्यात क्षेत्रीय प्रकल्प, समुदाय सहभाग व कार्यांतर्गत प्रशिक्षणास श्रेयांक आहेत. त्याचा उपयोग करून विद्यार्थ्यांनी महिला बचत गटांच्या बैठकीस उपस्थित राहावे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड व हिशेब लेखन ही बचत गटाची पंचसूत्री होय. तेथे विद्यार्थी शिकविण्यासाठी नव्हे, तर शिकण्यासाठी जावेत.

7. नोंद : प्रत्येक उपक्रमानंतर कोणी अध्यक्षता केली, कोणी हिशेब ठेवला व कोण बोलले नाही, याची एका पानाची नोंद ठेवावी. वर्षअखेरीस ती पाने एकत्र वाचली, तरी समावेशनाची खरी स्थिती स्पष्ट होते.

मर्यादा :

या उपायांनाही मर्यादा आहेत. अध्यापकांच्या रिक्त जागा व अभ्यासक्रमाचा भार यामुळे उपक्रमांना वेळ कमी पडतो. पाळीने काम दिल्यास सुरुवातीस चुका होतात, कार्यक्रम थोडा विस्कळीत होतो आणि अनुभवी विद्यार्थ्याकडे काम सोपविण्याचा मोह होतो. परंतु रोखवहीतील चूक महाविद्यालयात झाली, तर ती दुरुस्त करता येते. तीच चूक पतसंस्थेत झाली, तर शेकडो ठेवीदारांना त्याची किंमत मोजावी लागते. चुकण्याची सुरक्षित जागा उपलब्ध करून देणे हेही शिक्षणसंस्थेचे कर्तव्य आहे.

निष्कर्ष :

परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गात विविधता पूर्वीपासूनच आहे. उणीव आहे ती जबाबदारीच्या समान वाटणीची. कायद्याने ग्रामपंचायत, सहकारी संस्था व कंपनी यांत वंचितांसाठी जागा निर्माण केल्या, परंतु त्या जागा सक्षमपणे भूषविणारी व्यक्ती घडविण्याची जबाबदारी शिक्षणावर येते. साताऱ्याचे वसतिगृह, मराठवाड्यातील मिलिंद महाविद्यालय व म्हसवडचे बिझनेस स्कूल यांचा अनुभव असे दर्शवितो की, ज्यांना काम सोपविले जाते ते काम शिकतात. त्यासाठी मोठा निधी वा भव्य सभागृह लागत नाही. आजवर ज्या विद्यार्थ्याच्या हाती रोखवही व माईक दिला गेला नाही, त्याच्या हाती तो पाळीने देण्याचा निश्चय महाविद्यालयाने करणे आवश्यक आहे.