हुतात्म्यांची यादी आणि उसाचा दर : प्रतिसरकारच्या मुलखातली स्मृती

मागच्या व्याख्यानात आपण मॉरिस हाल्बवाक्सपाशी थांबलो होतो. १९२५ साली या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं मांडलं, की माणूस एकटा आठवत नाही; घर, गाव, पक्ष या चौकटी त्याला आठवायला लावतात. विसरायलाही लावतात, असं आपण त्यात घालू. आज हा मुद्दा आपल्याच सातारा-सांगलीत तपासून पाहू.

१९४२च्या सप्टेंबरात वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर गोळीबार झाला. पुढे १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील आणि सहकाऱ्यांनी गावोगाव न्यायनिवाडे करणारं सरकार चालवलं. आता नावच बघा. कार्यकर्ते म्हणत 'प्रतिसरकार'. लोकांच्या तोंडी बसलं 'पत्री सरकार', म्हणजे तळपायाला पत्रे ठोकणारं. उच्चाराच्या एवढ्याशा फरकात दोन आठवणी आहेत : एकीत राज्यसंस्थेला पर्याय, दुसरीत धाक. आज भाषणांत 'पत्री' अभिमानानं येतं. धाकाचं शौर्य झालं, आणि न्यायनिवाडे मागे पडले. आमच्या मते हे नुकसान मोठं आहे. रेल्वे लुटण्यापेक्षा भावकीचा तंटा मिटवणं अवघड!

नकाशानंही स्मृती कापली. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. 'साताऱ्याचं' प्रतिसरकार म्हणायचं, पण नानांचं येडेमच्छिंद्र आज सांगली जिल्ह्यात, आणि जून १९४३मध्ये तुफान सेनेनं जिथे पगाराची गाडी लुटली ते शेणोली साताऱ्यात. जयंतीचे कार्यक्रम मात्र जिल्हावार होतात.

पिएर नोरा म्हणतो, जगण्यातली स्मृती आटते तेव्हा स्मृतीची स्थळं उभी राहतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य शासनानं गावोगाव बांधलेली हुतात्मा स्मारकं पाहिली की हे पटतं. पण वाळव्याला जा. फेब्रुवारी १९४६मध्ये मणदूरजवळ पोलिसांच्या गोळीनं पडलेल्या किसन अहिरांचं नाव नागनाथअण्णा नायकवडींनी तिथल्या सहकारी साखर कारखान्याला दिलं. उसाचा दर काय, हे विचारतानाही माणसं 'हुतात्मा' म्हणतात. ही स्मृती रोजच्या व्यवहारात आहे. नोराच्या मांडणीत ती सहज बसत नाही.

तरी 'हुतात्मा' या शब्दालाही दार आहे, आणि त्यातून मेलेल्यालाच आत घेतात. निरोप पोचवणाऱ्या, भूमिगतांना भाकरी देणाऱ्या बाया जगल्या, म्हणून यादीबाहेर राहिल्या. नानांच्या कन्या हौसाताई २०२१पर्यंत होत्या. अखेरच्या वर्षांत लोक त्यांच्याकडे आठवणी ऐकायला जात. आणि ज्यांना शिक्षा झाली, त्यांच्या नातवंडांनी काय ऐकलं असेल? ती माणसंही याच गावांत राहिली, याच कारखान्यांना ऊस घालत आली. त्यांच्याकडे आपण पुढच्या वेळी वळू.