घडीच्या चाकूचं पातं किती जाड हवं? सेबेन्झाच्या आवृत्त्यांची तुलना

दिल्लीतल्या हिंदूराव भागातून मी पुन्हा तुमच्याशी बोलतोय. चाकूंवरच्या या मालिकेत एक प्रश्न वारंवार येतो: "सेबेन्झा घ्यायचा आहे. जुन्या आवृत्तीचं पातं जाड की नव्या? आणि जाड असलेलं चांगलं की पातळ?" चाकू अमेरिकेतच चारशे डॉलरच्या पुढे जातो, त्यामुळे घेण्याआधी हे समजून घेतलेलं बरं.

ज्यांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं त्यांच्यासाठी थोडक्यात. सेबेन्झा हा ख्रिस रीव्ह या मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या कारागिराचा घडीचा चाकू. झुलू भाषेत सेबेन्झा म्हणजे काम. रीव्ह १९८९ साली अमेरिकेत गेले आणि आयडाहो राज्यातल्या बॉइझी शहरात त्यांचा कारखाना उभा राहिला. नावापुढचे २१, २५, ३१ हे आकडे मिलिमीटर नाहीत आणि पात्याची लांबीही नाहीत. १९८७ पासूनची वर्षं मोजून ते दिलेत. २१ आला २००८ मध्ये, २५ आला २०१२ मध्ये. पुढे २५ ची जागा इनकोसी नावाच्या चाकूने घेतली आणि २१ ची जागा ३१ ने.

आता जाडी. मोठ्या २१ च्या पात्याची जाडी ०.१२५ इंच, म्हणजे ३.१८ मिलिमीटर. मोठ्या ३१ ची जाडीही तेवढीच. या दोघांतला मुख्य फरक पात्यात नाही, कुलपात आहे: ३१ मध्ये पातं अडकतं त्या जागी सिरॅमिकची बारीक गोळी बसवली आहे. मोठा इनकोसी मात्र ०.१४० इंच, म्हणजे ३.५६ मिलिमीटर. फरक झाला सुमारे ०.३८ मिलिमीटरचा. साध्या कागदाचे चार ताव एकावर एक ठेवा, साधारण तेवढा.

चार कागदांनी काय होतं? वाकण्याच्या बाबतीत बरंच काही होतं. बाकी आकार तोच असेल तर पात्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी १२ टक्के वाढली की ताठपणा सुमारे ४० टक्के वाढतो. म्हणून इनकोसी हातात घेतला की दणकट वाटतो.

पण चाकू आपण वाकवायला घेत नाही, कापायला घेतो. इथेच आकड्यांची गफलत होते. माहितीपत्रकात छापलेली जाडी असते पाठीची, म्हणजे पात्याच्या बोथट बाजूची. कापणं अवलंबून असतं धारेच्या लगेच वर पातं किती जाड आहे यावर. पाठीपासून धारेपर्यंत धातू कसा उतरवला आहे, ही खरी गोष्ट. सेबेन्झाचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं असतं. त्यामुळे पाठ तीन मिलिमीटरच्या वर असूनही धारेजवळ ते चांगलंच पातळ होतं. दोन चाकूंची पाठ सारखी असून एक सफरचंद अलगद कापेल आणि दुसरा ते फोडेल, असं सहज होऊ शकतं.

आपल्या घरातली विळी आठवा. तिच्या पात्याची पाठ चांगली जाड असते, तरी मेथी बारीक चिरली जाते, कारण धारेकडे पातं निमुळतं होत जातं. पण त्याच विळीवर लाल भोपळा घ्या. धार आत गेली, मग जाड भाग शिरला की पाचरीसारखा दाब येतो आणि भोपळा तडकतो. उथळ कापताना धारेजवळची जाडी महत्त्वाची, खोल कापताना पाठीचीही.

दुसरं टोक म्हणजे खुकरी, आणि तिचा या भागाशी जुना संबंध आहे. हिंदूराव हे नाव कागलच्या घाटग्यांचं. बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे. विल्यम फ्रेझरने टेकडीवर बांधलेलं घर १८३५ मध्ये त्याचा खून झाल्यावर हिंदूरावांकडे आलं. १८५७ च्या वेढ्यात त्याच घरात सिरमूर पलटणीचे गुरखे ठाण मांडून होते. आज तिथे हिंदूराव रुग्णालय आहे. गुरख्यांची खुकरी पाठीला सेबेन्झाच्या दुपटीहून जाड असते, कारण तिला घाव घालायचा असतो. जाडीने वजन येतं आणि वजनाने घाव बसतो. खिशातल्या चाकूला पाकिटं, दोरी आणि फळं कापायची असतात. त्याला एवढी जाडी ओझंच होईल.

आणखी एक गोष्ट घेताना कुणी सांगत नाही. दरवेळी धार लावली की थोडा धातू जातो आणि धार पाठीच्या दिशेने सरकते. तिकडे पातं अधिक जाड असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं धार लावलेला चाकू धारदार असूनही जड कापतो. जुना २१ विकत घेत असाल तर पाठ मोजून उपयोग नाही. व्हर्निअर कॅलिपरने धारेच्या किंचित वर मोजा: मुठीजवळ, मध्ये आणि टोकाजवळ. साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आकडा आला तर पातं छान कापेल. एक मिलिमीटरकडे झुकला तर किंमत कमी करून मागा.

आता दिल्लीकरांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. जाडीवर आपण इतकं बोललो, पण कायदा जाडी बघतच नाही. दिल्लीच्या १९८० च्या अधिसूचनेत गरारीदार, बटनदार आणि इतर यांत्रिक साधनाने उघडणाऱ्या-मिटणाऱ्या चाकूंचा उल्लेख आहे. मोजमाप दोनच: पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद. अशा चाकूसाठी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. लहान ३१ चं पातं २.९९ इंच, म्हणजे ७.५९ सेंटिमीटर: मर्यादेच्या अगदी काठावर. मोठ्याचं ३.६१ इंच, म्हणजे ९.१७ सेंटिमीटर: लांबीची मर्यादा ओलांडलेलं. रामपुरीच्या जमान्यातला हा नियम आजच्या महागड्या चाकूलाही आडवा येऊ शकतो. नाकाबंदीवर चाकूची किंमत कुणी विचारत नाही, म्हणून मोठा चाकू खिशात घालून फिरण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या. पुण्या-मुंबईतल्या, बेळगाव-इंदूरच्या मंडळींनी आपापल्या राज्यातला नियम पाहावा.

तर निवड अशी करा. रोजची हलकी कामं असतील तर २१ आणि ३१ मध्ये जाडीवरून ठरवू नका, ती सारखीच आहे. कुलूप आणि किंमत बघा. ताठ पातं हवं असेल तर इनकोसी. दिल्लीत खिशात ठेवायचा असेल तर आधी लांबी मोजा, रुंदी मोजा, आणि जाडी सगळ्यात शेवटी.

पुढच्या भागात घरच्या घरी धार कशी लावायची ते पाहू. तोवर बोटं सांभाळा. नमस्कार.