पंखा गिरकी घेतो आणि थांबतो

आज कोलकात्यातल्या आमच्या घरच्या गणपतीची गोष्ट, म्हणजे मखराच्या दिव्यांची. बारा व्होल्टच्या एलईडी पट्ट्या होत्या आणि त्यांच्यासाठी चांदनी चौकातून आणलेला कॉम्प्युटरचा जुना एटीएक्स पॉवर सप्लाय. प्लग लावला, स्विच दाबला, काहीच नाही. शेजारचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबा उघडायलाच बसला. मी ओरडलो. माझं बंगाली कच्चं, पण ते त्याला कळलं. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. म्हणून डबा बंदच ठेवायचा, तपास बाहेरच्या तारांवर करायचा.

मुळात हा सप्लाय हुकमाचा ताबेदार. मदरबोर्डने सांगितल्याशिवाय तो उठत नाही. आधी मीटरने जांभळी आणि काळी तार तपासा. मागचा स्विच चालू असला की तिथे पाच व्होल्ट कायम हवेत. नसतील तर प्लग आणि केबल बदलून पाहा; तरीही नाहीत, तर सप्लाय सोडून द्या. असतील तर हिरवी तार काळीला जोडा. तोच हुकूम. चोवीस पिनांच्या कनेक्टरवर हिरवी सोळावी असते. पिन मोजूनच घ्या, कारण काही जुन्या सप्लायमध्ये तारांची मांडणी निराळी असते.

आमचा उठला. पंखा गिरकी घेऊन थांबला. दुसरा सप्लाय आणला, तोही तसाच! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पट्ट्या पिवळ्या तारेवर, बारा व्होल्टवर. लाल तारेवर, पाच व्होल्टवर, काहीच नाही. बऱ्याच जुन्या सप्लायमध्ये दोन्ही दाब एकत्रच सांभाळले जातात. एकीकडे ओझं आणि दुसरीकडे शून्य झालं की तोल जातो आणि आतलं संरक्षण सगळं बंद करतं.

उपाय स्वस्त: लाल आणि काळी तारेत दहा ओहमचा, दहा वॅटचा रेझिस्टर. अर्धा अँपिअर वाहतो, अडीच वॅट उष्णता होते. तरीही पहिल्यांदा चाललं नाही, कारण घाई माझी. एकदा बंद पडलेलं संरक्षण तसंच अडकून राहतं. प्लग काढून मिनिटभर थांबलो, पुन्हा लावला, आणि मखर उजळलं. पिवळ्या तारेवर ११.८ व्होल्ट, ११.४ ते १२.६ चालतात.

तारा कापून नीटनेटकं करणाऱ्यांनी तपकिरी तार जपावी. नारिंगी तारेचा दाब तिच्यावरून मोजला जातो. ती कापलीत तर नारिंगीलाच जोडून द्या, नाहीतर पुन्हा तीच गिरकी.

आणि रेझिस्टर लोखंडी पट्टीवर बसवा. मी तो थर्माकोलला टेकवला होता. आरतीपर्यंत तिथे बोटभर खळगा पडला होता.