रसद तोडण्याचे अर्धशतक

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या प्रवेशिका नीलेतून व उरलेला यकृत धमनीतून येतो. यकृतातच उद्भवलेली कर्करोगाची गाठ मात्र वाढू लागली की बहुतांशी धमनीवरच पोसली जाते. शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या गाठींवरील धमनीमार्गी उपचारांची सारी मदार या भेदावर आहे, कारण धमनी बुजवली की गाठीची रसद तुटते आणि निरोगी यकृत नीलेच्या रक्तावर तग धरते.

फ्रान्समध्ये दोयों यांनी १९७४ साली ही कल्पना रुग्णांवर अजमावली. ओसाकाच्या यामादा यांनी जिलेटिन स्पंजाचे तुकडे कर्करोगविरोधी औषधात भिजवून धमनीत सोडले आणि १९८३ साली १२० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. पुढे जपानमध्येच लिपिओडॉल, म्हणजे आयोडीनयुक्त खसखशीचे तेल, कामी आले. निरोगी यकृत ते काही आठवड्यांत काढून टाकते, गाठ मात्र धरून ठेवते. दोन सिरिंजांमध्ये तीनतोंडी तोटीतून मागेपुढे ढकलत तेल आणि औषध घुसळले जाते, आणि डॉक्सोरुबिसिन या औषधामुळे लालसर झालेले ते मिश्रण जांघेतून सरकवलेल्या कॅथेटरने गाठीपर्यंत पोचते.

गाठ आक्रसली म्हणजे रुग्णाचे आयुष्य वाढले असे नव्हे, हे १९९५ च्या फ्रेंच चाचणीने दाखवले: ९६ रुग्णांच्या या चाचणीत गाठी रोखल्या गेल्या, पण सिऱ्होसिसने, म्हणजे व्रणमय होऊन घट्ट झाल्याने, आधीच थकलेली यकृते अनेकदा उपचारानेच ढासळली. बार्सिलोनाच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र रुग्ण काटेकोरपणे निवडले गेले आणि दोन वर्षांनी औषधासह उपचार घेतलेल्यांपैकी ६३ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी २७ टक्के हयात असल्याचा अंदाज निघाला. नुसती धमनी बुजवलेल्या गटात हे प्रमाण ५० टक्के होते. चाचणी मुदतीआधीच थांबल्याने औषधाचे श्रेय किती आणि नाकेबंदीचे किती, हा खरा कळीचा प्रश्न अनिर्णित राहिला, आणि औषध हळूहळू सोडणाऱ्या मण्यांनीही तो सोडवला नाही.

यिट्रियम-९० च्या किरणोत्सारी गोलकांनी धमनीचा अर्थच बदलला: ती बुजवायची वाट न राहता किरण पोचवण्याची वाट झाली. या किरणांची पोच काही मिलिमीटरच असते. फ्रान्समधील २०१७ च्या चाचणीत या गोलकांनी सोराफेनिब या कर्करोगविरोधी औषधाच्या गोळ्यांपेक्षा आयुर्मान वाढले नाही, तरी त्रास कमी झाला. यिट्रियमची शक्ती ६४ तासांत निम्मी होत असल्याने परदेशातून येणारी मात्रा प्रवासातच ओसरू लागते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेल्या काचेच्या ‘भाभास्फिअर’ गोलकांचे मोल म्हणून केवळ किमतीत मोजता येत नाही.