रंग न देता रंगीत धातू

जळगाव-धुळे रस्त्यावर रोज पळणाऱ्या बुलेटचा बेंडपाइप इंजिनाजवळ निळा-सोनेरी झालेला दिसतो. तो कुणी रंगवलेला नसतो. तापलेल्या धातूवर हवेतल्या ऑक्सिजनमुळे ऑक्साइडचा पारदर्शक थर चढतो. थराच्या वरून आणि तळातून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो. काही रंग विझतात, काही उजळतात, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखे. स्टीलवर लेसर हेच करतो, पण टिंबाटिंबाने: उष्णता बदलली की थराची जाडी बदलते, आणि रंगही.

जळगावच्या सोन्यावर ही युक्ती चालत नाही, कारण सोन्यावर असा थर धरतच नाही. दुसरी वाट २००८ साली अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठात चुनलेई गुओ यांनी दाखवली. अतिशय क्षणिक लेसर-झटक्यांनी धातूवर नॅनो आकाराचे खाचखळगे पाडले, की ते ठरावीक रंगच परत पाठवतात. त्यांनी अॅल्युमिनियमही सोनेरी केलं; सराफ बाजारात हे हळूच सांगावं!