पंचकुटा : जयपूरच्या एका ताटातील पाच कोरडवाहू पिके

महाराष्ट्रात शमीची, म्हणजेच सौंदडाची, पाने दसऱ्याला पूजेत असतात; तिची शेंग मात्र आपल्या ताटात सहसा येत नाही. जयपूर येथील एका कृषी शास्त्रज्ञ मित्राच्या घरी रात्रीच्या जेवणात ती प्रथमच चाखावयास मिळाली. बाजरीची भाकरी, ताक आणि सोबत ‘पंचकुटा’ ही सुकी भाजी असा साधा बेत होता. भाजीची चव आंबट-तुरट व किंचित धुरकट होती. तिच्यात एकही ताजा भाजीपाला नव्हता.

ताटातील घटक

सांगरी ही खेजडीची, म्हणजे शमीची, कोवळी शेंग. उन्हाळ्याच्या प्रारंभी ती हिरवी असतानाच तोडून उकळतात व वाळवितात. केर हे आपल्याकडील नेपतीचे फळ. ते कडवट असल्याने काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून मग वाळवितात. गुंदा म्हणजे आपले भोकर. कुमट हे गोंद देणाऱ्या एका बाभूळवर्गीय झाडाचे चपटे बी. पाचवा घटक घरोघरी बदलतो. कोठे आमचूर, कोठे लाल मिरची, तर कोठे काचरी हे काकडीवर्गीय रानफळ वापरतात. हे जिन्नस रात्रभर भिजवून, शिजवून, तेलात ओवा-मिरचीची फोडणी देऊन परततात. योग्य रीतीने वाळविलेले जिन्नस वर्षभर टिकतात.

चवीमागील शेती

ही चव टंचाईतून घडली आहे. 1899-1900 च्या ‘छप्पनिया’ दुष्काळात राजस्थानातील लोकांनी खेजडीच्या सालीचे पीठ खाऊन दिवस काढले. 1983 साली खेजडीला राज्यवृक्षाचा दर्जा मिळाला. तिची मुळे खोल जातात, ती नत्र स्थिर करते, तिच्या आसऱ्याने बाजरी व मूग घेता येतात आणि ‘लूंग’ हा तिचा पाला शेळ्या-उंटांचा चारा होतो. बिकानेरच्या केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेने डोळा भरून वाढविता येणारा ‘थार शोभा’ हा खेजडीचा वाण विकसित केला आहे. मात्र मूळ पोखरणारी अळी व गॅनोडर्मा बुरशी यांमुळे राजस्थानात खेजडीची जुनी झाडे वाळत असल्याचे आढळले आहे. वाळविलेल्या सांगरीला शहरी बाजारात चांगला भाव असताना तिचा वृक्षच संकटात यावा, ही चिंतेची बाब आहे.

आपल्यासाठी बोध

भोकर आपल्याकडे लोणच्यापुरते उरले आहे आणि नेपती काटेरी झुडूप म्हणून तोडली जाते. बांध साफ करण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील भोकर, नेपती व सौंदड यांची नोंद करावी. सौंदड आणि वेडी बाभूळ यांची गल्लत होऊ देऊ नये. दोन्ही शेंगवर्गीय असली तरी वेडी बाभूळ ही बाहेरून आलेली, आक्रमकपणे पसरणारी प्रजाती आहे. नवी लागवड करावयाची असल्यास प्रथम हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत बांधावर मोजकी झाडे लावून पाहावीत. पाणी साचणाऱ्या भारी काळ्या जमिनीत घाई करू नये.

महिला बचत गटांना तर नव्या लागवडीचीही वाट पाहावी लागणार नाही. भोकराचा हंगाम उन्हाळ्यात येतो. तेव्हा उपलब्ध फळे उकळून, बिया काढून, स्वच्छ जागी वाळविली, तर पावसाळ्यातील भाजीटंचाईत घरचीच भाजी हाताशी राहील आणि उरलेला माल बाजारातही नेता येईल.